वासराची थाप आणि दादाचं हृदय

आमच्या घरातले पुरुष अंथरुणावर मरत नाहीत, हे वाक्य मी शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतल्या निदान निम्म्या लोकांना सांगितलेलं आहे. उरलेल्या निम्म्यांनी ते माझ्या गाडीतून जाता-येता ऐकलं. मी पस्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. आवाज असा, की किन्हवलीच्या स्टँडवर मी "चला शहापूर" ओरडलो की आटगावच्या फलाटावरचा माणूस दचकून पिशवी उचलायचा. थोडं जास्त होतंय, पण फार नाही.

या आवाजामुळे मला आणखी एक काम चिकटलं. आमच्याकडे माणूस गेला की दहाव्याला नदीवर सगळे जमतात. एका बाजूला विधी चालू असतो, दुसऱ्या बाजूला माइकवर श्रद्धांजलीची भाषणं. सरपंच बोलतो, सोसायटीचा चेअरमन बोलतो, मग कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवतं. मी उभा राहिलो की गेलेल्या माणसाची उंची हातभर वाढायची. ज्याने जन्मात पाराखाली पाय ठेवला नाही, अशा एका गृहस्थाकडून मी भाषणात एकहाती बंधारा बांधून घेतला होता. त्याच्या बायकोने पदर तोंडाला लावला. रडू लपवायला की हसू, ते मला आजवर कळलेलं नाही.

घरच्या मयतांना तर मी काही कमी पडू दिलं नाही. बाप भाताचा भारा डोक्यावर घेऊन खळ्याकडे येताना पडला. माझ्या तोंडून तो त्याच भाऱ्यानिशी बिबट्याला भिडला, आणि बिबट्या पळून गेल्यावरच पडला. चुलता कबड्डीत गेला. चढाईला गेला, गडी मारून परत फिरला, हात रेषेला टेकवला आणि तसाच आडवा झाला. यात मी एक अक्षर घातलेलं नाही. पंचाने गुण दिला होता.

आणि दादा. माझा थोरला भाऊ. तो श्रावणात, भरल्या ओढ्यात उडी टाकून वासरू काढताना गेला. "आमच्या दादाचं काळीज एवढं मोठं व्हतं," मी दहाव्याला माइकवर म्हणालो, "का छातीत मावलं नाय." नदीकाठी शेदोनशे माणसं होती, सगळ्यांचे डोळे पाण्याने भरले. पहिल्या वर्षी ते वासरूच होतं. पुढे त्याची पारडी झाली, मग गाभण म्हैस, आणि मी निवृत्त झालो त्या सुमारास ओढ्यातून म्हशीबरोबर गुराखीही वाहत होता. गावातले तिघे जण वेगवेगळ्या वेळी मला येऊन म्हणाले, "ते वासरू आमचंच व्हतं बरं का." मी तिघांनाही हो म्हणालो.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या वर्षी मला बाजाराचा साधा चढ चढवेना. शहापूरच्या डॉक्टरांनी छातीला तारा लावल्या, कागद पाहिला आणि मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथली डॉक्टर माझ्या मुलीपेक्षा लहान. तिने अंधाऱ्या खोलीत पडद्यावर माझं हृदय दाखवलं. पावसात बेडूक बसावा तसं ते धपधपत होतं.

"काका, ही मधली भिंत दिसते? दुपटीने जाड आहे."

"भिंत जाड म्हणजे घर मजबूत ना?"

"इथं उलटं. भिंत जाड झाली की आतली जागा कमी होते, रक्ताला बाहेर पडायची वाट अरुंद होते. आणि ठोक्याची वीज अशा भिंतीतून जाताना कधी कधी भरकटते. घरात कोणी अचानक गेलंय का?"

हे विचारून तिने स्वतःची दुपार वाया घालवली. मी सुरू झालो. ती कोऱ्या कागदावर चौकोन आणि गोल काढत होती. पुरुष चौकोन, बाया गोल, गेलेल्यांवर तिरकी रेघ. बिबट्या आला तेव्हा तिचं पेन थांबलं.

"काका, बिबट्या राहू द्या. बिबट्याच्या आधी दहा मिनिटं ते काय करत होते?"

असं मला कोणी कधी विचारलं नव्हतं.

"भारा घेऊन चढ चढत होता."

तिने लिहिलं. चुलत्याचं मी जसं घडलं तसं सांगितलं, ते तिने आधी खोटं धरलं आणि मग दोनदा विचारून लिहिलं. दादाच्या चौकोनाशी मी ओढा आणि वासरू सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे पोहत होते. जोर लावत होते." मी मान हलवली.

रक्त तपासायला दिलं. दीडेक महिन्याने तिने बोलावून सांगितलं, की हृदयाचा स्नायू कसा बांधायचा याचा जो नकाशा आईबापाकडून मिळतो, त्यात आमच्या घरात एका जागी फरक आहे. तो बापाकडून आला असणार. "त्यांच्या प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी."

"मग मी साठीला आलो तरी कसा? दादा तर पस्तिशीत गेला."

"फरक तोच असला तरी प्रत्येक हृदय सारखं होत नाही. एकाच पोत्यातलं बियाणं दोन वाफ्यांत टाकलं तर रोप सारखं येतं का? कोणाला शेवटपर्यंत काही होत नाही, कोणाला दम लागतो, कोणी खेळता खेळता जातं. बाकीचे गुण कोणते मिळाले, रक्तदाब किती, काम काय केलं, सगळ्याचा हात असतो. का वाचलात ते नक्की सांगता येत नाही मला." मग तिने कागद माझ्याकडे वळवला. एका गोलावर रेघ नव्हती. "ही कोण?"

"धाकटी बहीण. वैशाखऱ्याला दिलीय."

"काही त्रास?"

"काही नाही. गेल्या वर्षी दोनदा शेतात चक्कर येऊन पडली. पित्त आहे तिचं."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "काका, कामात असताना पडली? त्यांना आणा. लवकर आणा."

माझ्या पोरांनी आपापली तपासणी करून घेतली. मुलीत तो फरक नाही, मुलात आहे, पण त्याचं हृदय अजून ठाकठीक. तो वर्षातून एकदा जाऊन येतो. राहिली बहीण. मी फोन केला. ती खळं सारवत होती, फोन कानाशी दाबून बोलली.

"मना काय झालंय? मी चार बायांचं काम करतंय."

"बाय, घरातल्या सगळ्यांना हाय ते. बापाला, काकाला, दादाला."

"दादाचं नाव नको घेऊ. दादाला काय रोग नव्हता. दादा वासराच्या पायी गेला. रोग तुला असंल, बसून बसून झालेला."

"अगो, डॉक्टर बोलली..."

"डॉक्टरला तू काय सांगितलंस ते आदी सांग. वाघ सांगितलास ना? भाऊ, तुझं आयकून दवाखान्यात जायचं म्हंजे उद्या तू बोलशील चंद्रावर जा."

तिने फोन ठेवला. तिला दवाखान्यात न्यायला एकच रस्ता होता, आणि त्यात दादाचं वासरू आडवं उभं होतं.

आता ते सांगतो. शब्द कमी पडतील, कारण हे मी कधी सांगितलेलंच नाही.

आमच्या गावाला मुक्कामाची गाडी होती. रात्री यायची, पहाटे सहाच्या आत शहापूरला निघायची. मी साहेबांच्या मागे लागून ती गाडी मिळवली होती. झोपायचं गाडीतच, ड्रायव्हरबरोबर. आमचं घर शेतापलीकडे. पहाटे आई भाकरी भाजायची आणि दादा ती फडक्यात बांधून बांधावरून यायचा. बाप गेल्यावर दादाने बहिणीचं लग्न लावलं, माझी नोकरी लागेपर्यंत मला पोसलं. स्वतःच्या लग्नाचं विचारलं की "पुढल्या साली" म्हणायचा. आणि रोज मला भाकरी आणून द्यायचा.

तो बांधावर दिसला की मी डबल घंटी मारायचो. डबल घंटी म्हणजे गाडी सोड. ड्रायव्हर पहिल्या गिअरवर गाडी हलवायचा, दादा फडकं वर धरून शिव्या देत मागे धावायचा, मी दारात उभा राहून ओरडायचो, "पाव्हणं, पास हाय का?" वीसेक पावलांवर मी एक घंटी मारायचो, गाडी थांबायची. दादा भाकरी माझ्या हातात द्यायचा आणि मोकळ्या हाताने पाठीत एक ठेवून द्यायचा. सात वर्षं हा खेळ चालला. गाडी तेव्हा रिकामी असायची. पहिला उतारू पुढच्या फाट्यावर चढायचा. पाहणारे आम्ही तिघेच.

त्या सकाळी शिव्या आल्या नाहीत. मला वाटलं, दम राखून धावतोय, आज गाठायचीच म्हणून. म्हणून मी गाडी नेहमीपेक्षा थोडी जास्त जाऊ दिली. मग दादा थांबला. भाकरीचं फडकं नीट रस्त्याच्या कडेला ठेवलं. बसला. मग आडवा झाला. मी गाडीतून उडी टाकली तेव्हा त्याचे डोळे उघडे होते, पण माझ्याकडे नव्हते.

आम्ही त्याला गाडीतच घालून दवाखान्यात नेलं. बांधांवरचं पाणी तुडवून आल्याने तो गुडघ्यापर्यंत भिजलेला होता. दवाखान्याच्या ओट्यावर कोणीतरी मला विचारलं, "ओढ्यात उतरला होता का?" मी म्हणालो, हो. "कशाला?" मी म्हणालो, वासरू. एवढ्याच दोन उत्तरांत ते झालं. ड्रायव्हर शेजारी उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मी पुढं बगत व्हतो." दोन महिन्यांनी बदली करून आपल्या मुलखात निघून गेला. माझ्याशी त्या विषयावर एक शब्द बोलला नाही.

मुंबईच्या डॉक्टरला मी हे नंतर सांगितलं. विचारलं, धावला नसता तर? ती म्हणाली, "त्या दिवशी कदाचित झालं नसतं. पुढे कधी झालं असतं का, मला माहीत नाही. रोज धावत होते म्हणता, रोज झालं नाही." तिने मला सोडलं नाही आणि पकडलंही नाही. मी घरी येईपर्यंत त्याच वाक्यात फिरत राहिलो.

भाऊबीजेला वैशाखऱ्याला गेलो. भात कापून झालेलं, खळ्यावर झोडणी चाललेली. मागे माळशेजचे कडे उन्हात कोरडे उभे. दाजी अंगणातूनच ओरडले, "या मेव्हणे! या साली ओढ्यातून काय वाहिलं? हत्ती का?"

घरात बहिणीने दोन पाट मांडले होते. दरवर्षी मांडते. एकावर मी बसतो, दुसरा दादाचा, त्यावर सुपारी. मला ओवाळून झालं की ती सुपारीला ओवाळते आणि दादाच्या वाटणीचं गोडधोड केळीच्या पानावर घेऊन गोठ्यात जाते, वासराला भरवते. सत्तावीस वर्षं. घरात वासरू नसलं तर शेजाऱ्यांचं आणते. एका वर्षी तिने वासरू शोधत अर्धं गाव पालथं घातलं होतं, आणि मी तेव्हा पाटावर बसून करंज्या खात होतो.

ती पान घेऊन उठली तसं मी म्हणालो, "बाय, थांब. दादा वासराच्या पायी नाय गेला."

मग सांगितलं. घंटी, बांध, भाकरीचं फडकं. दोन मिनिटांत संपलं. ती पान हातात धरून उभी.

"मंग पुढं?"

"पुढं काय नाय."

दाजी दारात हसले. "ह्या खेपेला म्हैस नाय तं एकदम येष्टी काडली!"

बहीण हसली नाही. "मना दवाखान्यात न्यायला बनवलंस ना? दादाच्या नावावर?" तिने पान पाटावर ठेवलं आणि तरातरा बाहेर गेली. खळ्यावर भारे पडले होते. तिने एक उचलून डोक्यावर घेतला आणि घरामागच्या चढाला लागली, जिथे पेंढ्याची उडवी रचायची होती. मी मागून ओरडत राहिलो, "ठेव खाली! बाय, ठेव तो भारा!" माझा दम दहा पावलांत संपला. ती अर्ध्या चढावर थांबली. भारा डोक्यावर, एक हात कमरेवर, तोंड उघडं. तशी ती बहुधा रोजच थांबत असेल. त्या दिवशी मात्र दाजींनी पाहिलं, आणि त्यांच्या तोंडावरचं हसू गेलं. ते धावत गेले, भारा उतरवून घेतला, तिला तिथेच बांधावर बसवलं.

मी पोचलो तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता. तिने तो पदराने पुसला. मग ती म्हणाली, "पयल्यापासून सांग."

मी सांगितलं.

"परत सांग."

पुन्हा सांगितलं. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. मला उशिरा लक्षात आलं, ती काय करत होती ते. माझी कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा तशीच येत नाही. बिबट्याला शेपूट फुटतं, म्हशीला शिंगं वाढतात. लहानपणापासून तिला हे माहीत. तिसऱ्यांदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदाही दादाने फडकं कडेला ठेवलं, बसला, आडवा झाला. एवढंच आलं.

"तू घंटी मारलीस," ती म्हणाली.

"हां."

"मंग मी इतकी वर्सं वासराला दादाचा घास का भरवत व्हते?"

दाजी म्हणाले, "वासरू तं उपाशी नाय ऱ्हायलं ना." ती त्यांच्यावर ओरडली, मग रडली. मला जायला सांगितलं. ओवाळणी म्हणून साडी आणली होती, तिने पिशवीतून काढलीसुद्धा नाही. मी मुरबाडच्या गाडीत बसलो. कंडक्टर पोरगा नवा होता, त्याने डबल घंटी मारली तेव्हा मी खिडकीबाहेर पाहत बसलो.

पुढचं मला दाजींकडून कळलं. आठवड्यात ते तिला घेऊन मुंबईला गेले. माझ्या डॉक्टरकडेच, पण मला न सांगता. तिची भिंत माझ्याहून जाड निघाली. रक्तातही तोच फरक. डॉक्टरने गोळ्या दिल्या, डोक्यावर ओझं घ्यायचं नाही, चढावर धावपळ करायची नाही, पुन्हा चक्कर आली तर छातीत एक छोटं यंत्र बसवायचं, जे भरकटलेला ठोका झटका देऊन ठिकाणावर आणतं. तिच्या दोन मुलांचीही तपासणी झाली. एकाला आहे. "तुमच्या बहिणीला मी मजुरीच्या बाया लावून दिल्यात," दाजी म्हणाले. "ती खळ्यावर खुर्ची टाकून त्यांना शिव्या देते. शिव्यांना डॉक्टरनं मना नाय केलेली."

मला फोन तिने दोन महिन्यांनी केला. मी हॅलो म्हणालो, तिने विचारलं, "धावताना दादा काय शिव्या द्यायचा?"

मी सांगितल्या. जशाच्या तशा, तीनच होत्या, त्यातली एक आईवरून. म्हणजे स्वतःच्याच आईवरून, हे त्याच्या कधी ध्यानात आलं नाही. बहीण इतकी हसली की मला तिच्या ठोक्यांची भीती वाटली.

आता ती दर दोन-तीन दिवसांनी फोन करते. एक गोष्ट मागते. दादाची, आणि खरी. तिचं लग्न होऊन ती लवकर गेली. त्याच्या शेवटच्या सात वर्षांतला दादा फक्त माझ्याकडे आहे. सुरुवातीला मला वाटलं, पोतंभर निघेल. बसून आठवायला लागलो तर दादाच्या जागी मीच रचलेला माणूस उभा राहतो, ओला, छाती काढलेला, खांद्यावर वासरू. त्याच्या मागे बघायला लागतं. मागे कुठेतरी खरा दादा असतो, जरासा पाठ वाकवून चालणारा. पायात चप्पल कोणती होती, आठवत नाही. मला हाक मारताना सुरुवातीला 'अरे' म्हणायचा की नुसतं नाव, तेही नाही. ज्याने मला सात वर्षं रोज भाकरी आणून दिली, त्याच्या हातातलं फडकं पांढरं होतं की निळं, हे मला सांगता येत नाही.

काल तिने तेच विचारलं. जिभेवर आलं होतं, निळं, काठाला लाल रेघ, एका कोपऱ्यात आईने घातलेली गाठ. एका दमात आलं असतं.

"नाय आठवत, बाय."

तिने फोन ठेवला नाही. तिच्या बाजूने घाटाकडे चाललेल्या कुठल्यातरी गाडीचा गिअर बदलल्याचा आवाज आला आणि हळूहळू लांब गेला.

"पांढरंच असंल," ती म्हणाली. "आईकडं पांढरीच व्हती."

"असंल."

"असंल नको. आठवंल तवा सांग."

मी हो म्हणालो.

आज सकाळपासून मी तेच करतो आहे. ओसरीवर बसून दादा बांधावरून येताना पाहतो. पाऊल, पाणी, वर धरलेला हात. हातात काहीतरी आहे. रंग अजून दिसलेला नाही.